सीट मिळाली, आता टिकायचं कसं?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळची पत्रं आणि मेल बहुतेक सगळे कॉलेज प्रवेशाचेच आहेत. निकालांच्या दिवसांत असं होतंच, पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली की ज्यांना सीट मिळालीय तीच मुलं जास्त घाबरलेली आहेत. प्रवेश मिळेपर्यंत घर, गाव, शाळेतले सर सगळे पाठीशी असतात आणि मग पोरगं एसटीत बसलं की सगळ्यांना वाटतं झालं काम. खरं तर अर्धंच झालेलं असतं. म्हणून यावेळी आदिवासी, दलित, मुस्लिम घरांतून आलेली पत्रं आधी घेतेय. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावरचा. आश्रमशाळेत शिकलो. सीईटी देऊन एसटी कोट्यातून पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी पोरांनी पर्सेंटाइल विचारलं, मी सांगितलं तर सगळे गप्प झाले. पहिल्या सेमला एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि मेकॅनिक्स दोन्ही उडाले. मी कोणाबरोबर बसत नाही, रूमवर एकटाच रात्री दोन दोनपर्यंत वाचतो तरी डोक्यात जात नाही. मी इथला नाहीच असं वाटतं. सोडून गावी जाऊन बीए करू का?

उत्तर : नको सोडूस रे. बीए वाईट म्हणून नाही सांगत, तुला बीए मनापासून करायचं असतं तर मीच म्हटलं असतं जा. पण तू पळून जायचं म्हणून बीए म्हणतोयस आणि ते तुझ्या पत्रात स्पष्ट दिसतंय.

आधी ते पर्सेंटाइलचं. हा प्रश्न साधा नसतो हे तुलाही माहितीय आणि विचारणाऱ्यालाही. त्याला मार्क नको असतात, तू कुठल्या कोट्यातून आलास ते हवं असतं. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लेखी सूचना काढली होती की दुसऱ्याची जात, किंवा जात कळेल अशी रँक नाहीतर स्कोअर विचारणं योग्य नाही. म्हणजे हा त्रास तुझ्या एकट्याच्या मनात नाहीये, देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थांनाही तो लेखी मान्य करावा लागलाय. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर "ॲडमिशन झालं ना आता, तुला डीबीएमएसचं काही येतं का ते सांग" एवढं म्हणून विषय बदल. उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

आता अभ्यासाचं, आणि हे जरा नीट वाच, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते म्हणजे रूमवर एकटाच. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात उरी ट्राइसमन नावाचा गणित शिकवणारा तरुण होता, त्याला प्रश्न पडला की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं इतकी नापास का होतात. प्राध्यापकांना विचारलं तर कोणी म्हणे मेहनत नाही करत, कोणी म्हणे घरून पाठिंबा नाही, कोणी म्हणे शाळेचा पाया कच्चा. ट्राइसमन स्वतः त्या मुलांच्या मागे मागे फिरला, ती कुठे बसतात, कसा अभ्यास करतात ते बघत राहिला. मेहनत तर ती भरपूर करत होती, घरचेही पाठीशी होते, पण अभ्यास बहुतेक सगळी एकेकटी करत होती. तिथलीच चिनी घरांतली मुलं मात्र आधी आपापलं गणित सोडवायची आणि मग रात्री एकत्र बसून एकमेकांचं तपासायची, कुठे अडलं ते बोलायची, परीक्षेत काय येतं, कोणत्या सरांना काय विचारायचं हेही त्यातच कळायचं. मग ट्राइसमनने वर्कशॉप काढलं. कच्च्या मुलांसाठी सोपा एक्स्ट्रा क्लास काढला नाही, उलट पुस्तकातल्यापेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. निकाल इतके सुधारले की ती पद्धत पुढे कितीतरी कॉलेजांनी उचलली.

म्हणून तू दोन माणसं शोध. फक्त दोन. एक तुझ्याच वर्गातला, ज्याचाही एम-वन राहिलाय (असे कमी नसतात, सांगत नाहीत एवढंच), आणि एक सीनियर, शक्यतो तुझ्या जिल्ह्याचा. पुण्यात नंदुरबार-धडगाव-अक्कलकुव्याकडची बरीच मुलं आहेत, आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जाऊन विचार, संध्याकाळी जा. जुने पेपर घेऊन आठवड्यातून तीनदा एका टेबलावर बसा. आधी एकट्याने सोडवायचं आणि मग एकमेकांना समजावून सांगायचं, पावरी बोलीत सांग नाहीतर मराठीत, चालतं. एआयसीटीईने इंजिनिअरिंगची पुस्तकं मराठीत काढली आहेत, ई-कुंभ पोर्टलवर बघ. कल्पना मराठीतून समजून घे आणि शब्द इंग्रजीतले पाठ ठेव, पेपरात तेच लागतात. एक छोटी वही फक्त शब्दांसाठी कर.

सरांकडे जायला भीती वाटते हे कळतं मला. पण "सर मला मॅथ्स येत नाही" असं सांगत गेलास तर सर तरी काय करतील. सोडवलेलं पान घेऊन जा, ज्या ओळीनंतर अडलंय तिथे पेनाने रेघ मार आणि ती ओळ दाखव. असं पान घेऊन आलेल्या मुलाला बहुतेक शिक्षक हाकलत नाहीत, वेळ देतात.

आणि केटी लागली हे घरी सांग. आई-बाबांना एटीकेटी म्हणजे काय ते माहीत नसेल तर दोन विषय पुन्हा द्यायचेत आणि कॉलेज चालू आहे असं साध्या भाषेत सांग. लपवलेल्या केटीचं ओझं फार होतं, मुलं त्यापायीच घरी जायची बंद होतात. तुझ्या विद्यापीठाचा एटीकेटीचा नियम ऑफिसातून लेखी घे, किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला जाता येतं ते त्यात असतं, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस कारण स्कॉलरशिप पुढे चालू राहायची ती पुढच्या वर्षाला गेलास तरच.

प्रश्न : मी परभणीहून लिहितेय, म्हणजे सांगतेय मी आणि टाइप मुलगी करतेय. आम्ही मातंग समाजाचे, तिचे पप्पा मोंढ्यात हमाली करतात. ती अकरावी सायन्सला आहे. शेजारची म्हणाली व्हॅलिडिटी नसेल तर सीट जाते. ही काय भानगड आहे आणि पैसा किती लागतो? आमच्या घरी याच्या आधी कॉलेजला कोणी गेलेलं नाही.

उत्तर : ताई, तुम्ही अकरावीतच विचारलंत हे फार बरं केलंत, बहुतेक जण निकाल हातात आल्यावर धावतात. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो, पण इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा कोर्सला राखीव जागेवर जायचं तर तो दाखला खरा आहे हे जिल्हा जात पडताळणी समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र लागतं, तीच व्हॅलिडिटी. अर्ज ऑनलाइन भरायचा, बरोबर कॉलेजचं पत्र लागतं, ते अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेजच देतं. शासन कधी कधी प्रमाणपत्र आणून द्यायला मुदतवाढ देतं पण त्या भरवशावर राहू नका.

खरी अडचण पुराव्याची असते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा जातीची नोंद असलेला कागद मागतात (अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे). आता तुमच्या घरात आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नसतील तर टीसी आणणार कुठून? म्हणून सासरच्या बाजूच्या सगळ्या माणसांचा विचार करा, चुलत आजोबा, आत्या, कोणीही. कोणाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा निघतो का, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी सापडतात का, जमिनीचा कुठला जुना कागद आहे का. मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी उर्दूत असतात, त्यांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. आणि सगळ्यात आधी हे विचारा की तिच्या सख्ख्या काकाला किंवा चुलत भावाला व्हॅलिडिटी मिळालीय का. मिळाली असेल तर ती जोडा, काम बरंच हलकं होतं. कागदच नाही म्हणून अर्ज करायचं मात्र सोडू नका, दक्षता पथकाकडून घरी येऊन चौकशी करायचीही पद्धत आहे. एजंटला पैसे देऊ नका, अर्ज मुलगी स्वतः भरू शकते, ती टाइप तर झकास करते.

पैशाचं सांगते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरायची, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिचं बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, नुसतं आधार कार्ड बँकेत दिलं म्हणजे जोडलं असं होत नाही, बँकेत जाऊन "डीबीटीसाठी सीडिंग झालंय का" असंच विचारा. केंद्राचा हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यातली फी कॉलेजला भरायची असते, घरात अडचण आली म्हणून ते पैसे खर्च झाले तर पुढे रिझल्ट अडकतो. सरकारी वसतिगृहाला अर्ज करा आणि तिथे नंबर नाही लागला तर बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईसारख्या शहरात राहायला-जेवायला वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयं आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच आहेत. पण हे पैसे उशिरा येतात ताई, खोटं कशाला सांगू, पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय धरूनच चला.

शेवटची गोष्ट सीट पक्की करायच्या फीची. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली, १७,५०० रुपये भरायचे होते, घरच्यांनी गावातून जमवले पण २४ जूनला संध्याकाळी पाचची वेळ गेली आणि सीट गेली. पोरगं सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ३० सप्टेंबरला कोर्टाने घटनेच्या १४२ व्या कलमाखाली त्याला प्रवेश द्यायला लावला. सगळ्यांना सुप्रीम कोर्ट गाठता येत नाही. म्हणून बारावीच्या परीक्षेच्या आधीच ही रक्कम खात्यात बाजूला पडलेली हवी, आणि कोणाकडून घ्यायची असेल तर त्या माणसाशी आत्ताच बोलून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा ओपनचा. मार्क जास्त असून त्याला हवं ते कॉलेज मिळालं नाही. त्यात तुम्ही दर अंकात राखीव जागावाल्यांना वेगळे क्लास, वेगळी मदत द्या म्हणता. किती द्यायचं यांना?

उत्तर : तुमच्या मुलाला वाईट वाटलं असणार आणि ते मी हलकं घेत नाही. चांगल्या सरकारी कॉलेजांतल्या जागा मुळात कमी आहेत, राग त्यावर काढलात तर मी तुमच्या बरोबर उभी राहीन. पण प्रवेशाची यादी वेगळी असली तरी पास व्हायचे मार्क सगळ्यांना सारखेच आहेत, पेपर एक, तपासणारा एक. वरच्या पत्रातल्या मुलाला मेकॅनिक्समध्ये कोणी एक मार्कही जास्त देणार नाही. मग तो पास व्हावा म्हणून मदत केली तर कोणाचं काय जातं? उलट त्याने मधेच सोडलं तर ती जागा ना त्याच्या कामाची राहते ना तुमच्या मुलाच्या.

आणि शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापुरात सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या तेव्हा नुसता हुकूम काढून ते थांबले नव्हते, एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, कारण राहायला-जेवायला जागा नसेल तर शिकायला येणार कोण हे त्यांना कळत होतं. आर्थिक मागासांचं १० टक्के आरक्षण २०१९ पासून आहे, आणि तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शाहू महाराजांच्याच नावाची फी सवलतीची योजना ओपनच्या मुलांनाही आहे. महाडीबीटीवर बघा, तुमच्या मुलाने अर्ज केलाय का ते पत्रात नाहीये.

प्रश्न : आदाब ताई. मालेगावहून लिहितोय. मी लूमवर काम करतो, बहीण बारावी सायन्सला आहे, हुशार आहे, तिला बीफार्म करायचंय. आम्ही मोमीन. अब्बूंचं म्हणणं आपल्याला काही सवलत नाही आणि मुस्लिमांची स्कॉलरशिपही सरकारने बंद केली, मग बाहेरगावी पाठवून कर्ज का करायचं. काय सांगू त्यांना?

उत्तर : भाऊ, बहिणीसाठी पत्र लिहिलंस याचा फार आनंद झाला. अब्बूंचं निम्मं बरोबर आहे. पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली आणि पहिली ते आठवीची अल्पसंख्याकांची शिष्यवृत्तीही त्याच वर्षी थांबवली, त्याचं दुःख मलाही आहे, कारण पहिल्यांदा शिकणाऱ्या घरांतली मुलं त्यावर पुढे येत होती. पण सवलत काहीच नाही हे बरोबर नाही. मोमीन महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. धर्म म्हणून नाही तर जमात म्हणून आहेत, तसेच बागवान, तांबोळी, पिंजारीही. दाखल्यावर नुसतं मुस्लिम लिहून उपयोग नाही, जमातीचं नाव लागतं. शाळेत घालताना जातीच्या रकान्यात फक्त "मुसलमान" लिहिलेलं असतं आणि मग पुढे सगळं अडतं, तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या टीसी काढून बघ. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जमात लिहिलेला एखादा कागद शोध, दाखला काढा, नॉन क्रिमी लेयर (उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र) काढा, व्हॅलिडिटीला टाका.

हे सगळं का, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक मागास) मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. बीफार्म त्यात येतं. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. बाकीची किरकोळ फी आणि राहणं-खाणं आपल्याकडे राहतं. शिवाय मुस्लिम अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजांत निम्म्याच्या आसपास जागा मुस्लिम मुलांसाठी असतात, त्याही कॅपमध्ये दिसतात, फॉर्म भरताना अल्पसंख्याकचा पर्याय टिक करायला विसरायचं नाही.

अब्बूंची भीती फीपेक्षा बाहेरगावची असेल असं मला वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना घेऊन जा. कॉलेज दाखव, मुलींचं हॉस्टेल दाखव, तिथल्या मॅडमशी बोलणं करून दे, तिथे शिकणारी तुमच्याच भागातली एखादी मुलगी भेटली तर तिच्या वडिलांचा नंबर घेऊन अब्बूंना द्या, बाप बापाशी बोलला की फरक पडतो. आणि हेही सांग त्यांना की शाहू महाराज ज्या बोर्डिंगसाठी झटले त्यात कोल्हापूरचं मुस्लिम बोर्डिंगही होतं, १९०६ चं, आपली मुलं बाहेर राहून शिकतात हे आजचं नाही.

प्रश्न : मी एका अनुदानित कॉलेजात शिकवतो. दरवर्षी पहिल्या वर्षाची पाच-सात मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात आणि जवळजवळ सगळी राखीव जागांवरची असतात. कॉलेजकडे पैसा नाही, मला अधिकार नाहीत. एकटा शिक्षक काय करू शकतो?

उत्तर : सर, खूप काही. पहिलं म्हणजे वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" हे बंद करा, ऑफिसातल्या लोकांनाही विनंती करा. नोटीस बोर्डवर जातीच्या रकान्यासकट याद्या लागतात, पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि तासाभरात सगळ्या वर्गाला कोण कोण ते कळतं. नुसता अर्ज क्रमांक लावला तर काही बिघडत नाही.

दुसरं, पहिली छोटी चाचणी तीन-चार आठवड्यांतच घ्या, मार्क धरू नका, फक्त कोण अडलंय ते कळायला. आणि गट पाडताना तुम्ही पाडा, मुलांवर सोडलं की ओळखीचे ओळखीच्यांत बसतात आणि तीच दोन-तीन मुलं उरतात. प्रॅक्टिकलच्या जोड्यांनाही हेच.

तिसरी गोष्ट बिनपैशाची आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला एक छोटा प्रयोग २०११ मध्ये छापून आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले, की सुरुवातीला आम्हालाही आपण इथले नाही असं वाटायचं आणि मग हळूहळू ते गेलं. साधारण तासाभराचंच काम, पण पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय मुलांचे मार्क सुधारलेले दिसले. तुमच्याच कॉलेजातून केटी काढून पास झालेल्या चार मुलांना पहिल्या महिन्यात वर्गात बोलवा, टॉपर नकोत, कारण टॉपरचं ऐकून ही मुलं आणखी खचतात.

आणि यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा असं सांगितलंय. तुमच्याकडे तो कोण आहे ते प्राचार्यांना विचारा. अनेक ठिकाणी कागदावर नाव असतं आणि त्या माणसालाच ते माहीत नसतं. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने २०१६ मध्ये आणि मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या पायल तडवीने २०१९ मध्ये जीव दिला, मग त्या दोघांच्या आया मिळून सुप्रीम कोर्टात गेल्या, मागणी काय तर हे नियम नीट पाळले जावेत. त्या माणसाचं नाव आणि नंबर पहिल्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर लिहा, मुलांना लिहून घ्यायला लावा.

आणि दिवाळीची वाट बघू नका. सलग तीन दिवस मूल आलं नाही तर फोन करा, हजेरी विचारायला नाही, बरा आहेस का म्हणून. बऱ्याचदा कारण अगदी छोटं निघतं, मेसचे पैसे थकलेत, प्रवासाचा पास संपलाय, सबमिशनची फाइल नाहीये, आणि ते त्याच आठवड्यात सुटू शकतं.

सरकारी वसतिगृहांच्या प्रवेशाबद्दलची पत्रं बरीच आहेत, ती पुढच्या अंकात घेते.